निळ्या टोपणाची बाटली

१

सोमवारी सकाळी फ्रीज उघडला आणि सवयीने बाटल्या मोजल्या. निळ्या टोपणाच्या बाटल्या बारा हव्या होत्या. अकराच होत्या.

पुन्हा मोजल्या. बोट लावून मोजल्या. मग चष्मा पुसून मोजल्या. चष्मा पुसल्याने बाटली परत येत नाही एवढी अक्कल मला आहे, पण घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो.

शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला याच बाटल्या मोजून मी वहीत सही केली होती. बारा पिवळ्या, बारा निळ्या. फ्रीजचं कुलूप शाबूत होतं. डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेचं स्टोअर मी सव्वीस वर्षं सांभाळते. टाचणी इकडची तिकडे झाली तरी मला चैन पडत नाही. पाठीमागे मला 'कुलूपबाई' म्हणतात ते मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट खटकली. मी बाटल्या ट्रेमध्ये एकमेकींना चिकटवून उभ्या करते. आता निळ्या अकरा बाटल्या सुटसुटीत उभ्या होत्या, प्रत्येकीत बरोबर तेवढंच अंतर. मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून कोणीतरी सावकाश, वेळ काढून त्या मांडल्या होत्या. घाईने उचलून पळणाऱ्याचं हे काम नव्हतं.

मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, कपाटातलं मोहोरबंद पाकीट काढलं आणि माझ्यासमोरच फाडलं. आतला कागद वाचता वाचता त्या खुर्चीवर बसल्या.

इथे काय चालतं ते मला कळतं तेवढं सांगते. वय झालं की डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली कोलेस्टेरॉल साठायला लागतं. ते उचलून नेणाऱ्या सफाईच्या पेशी असतात. तरुणपणी त्या कचरा उचलतात आणि बाहेर टाकतात. म्हातारपणी उचलतात, पण बाहेर टाकणं जमत नाही, कारण पेशीतलं बाहेर जायचं दारच गंजलेलं असतं. मग त्या चरबीने फुगतात, चिडतात आणि नको तिथे रक्तवाहिन्या वाढवायला लागतात. अशा माणसाला कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. मॅडमनी थेंबांची दोन औषधं केली होती. एक ते दार उघडणारं, दुसरं तुलनेसाठी दार बंद करणारं. म्हाताऱ्या उंदरांच्या डोळ्यांत ती घालायची आणि फरक बघायचा. कुठल्या टोपणात काय आहे हे फक्त त्या पाकिटात होतं, म्हणजे काम करणाऱ्यांनी आधीच मनात पक्षपात करू नये.

"निळं म्हणजे बंद करणारं," मॅडम म्हणाल्या. "बाराव्या दिवशी उंदरांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं."

"पण बाटली उंदरांसाठी कोण चोरेल?"

"कोणीच नाही. म्हणून तर माझे हातपाय गार पडलेत. कोणीतरी औषध समजून हे माणसाच्या डोळ्यात घालतंय, बाई. शुक्रवारपासून घालत असेल तर आज चौथा दिवस."

मग त्यांनी मला पाच वाजेपर्यंत वेळ दिला. पाचला त्या वर कळवणार होत्या, वरचे पोलिसांना कळवणार होते. आणि पोलीस आले की चोर बाटली मोरीत ओतणार आणि तोंड शिवून बसणार. मग त्या डोळ्यात काय गेलंय हे कुठल्याच डॉक्टरला कळणार नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांना ओळखता. तुम्हीच विचारा. स्टोअरमध्ये बाहेरचं कोणी आलं होतं?"

"नाही, मॅडम. बाहेरचं कोणीच नाही."

"आणि कामाबद्दल बाहेर कोणाजवळ बोललात?"

"सव्वीस वर्षांत नाही," मी म्हणाले. कोणी शपथ घ्यायला लावली असती तरी घेतली असती.

२

आमच्याकडे दिव्याखाली अंधार आहे. डोळ्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कोणाचे ना कोणाचे डोळे अधू. माझ्या घरी हे आहेत. सगळा जन्म यांनी नकाशे आखले, केसाएवढी रेघसुद्धा न थरथरता ओढली. आता डाव्या डोळ्याने दाराची चौकट पाण्यातल्यासारखी वाकडी दिसते. उजवा अजून धड आहे, त्याच्यावरच सगळा कारभार. तरी रोज संध्याकाळी मला न्यायला चालत येतात, स्टूलवर बसतात, आणि मी आवरेपर्यंत माझ्या टेबलावरचे कागद नीट लावून ठेवतात. असो. ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याच्यावर संशय घ्यायचा तर अख्खी संस्था तुरुंगात टाकावी लागेल.

तरी पहिली गाठली ती कॅमेरावाली. उंदरांच्या डोळ्यांचे पातळ काप काढतात, मायक्रोस्कोपखालच्या त्या प्रत्येक कापाचा फोटो ती काढते. तिची आई दर महिन्याला डोळ्यात सुई टोचून घेते. फ्रीजची जादा किल्ली मॅडमच्या ड्रॉवरमध्ये असते हे तिला माहीत आहे.

"मला वाटलंच होतं, मावशी, की पहिला नंबर माझा."

"बाटली गेली हे तुला कोणी सांगितलं?"

"मॅडम सकाळपासून तीनदा स्टोअरकडे धावल्या. उंदरांनासुद्धा कळलं असेल."

मला हसू आलं नाही. शुक्रवारी साडेचारनंतर ती कुठे होती ते विचारलं. आईला घेऊन दवाखान्यात, म्हणाली. चिठ्ठी दाखवली, वेळेसकट. मी ती चिठ्ठी उलटून पालटून पाहिली तेव्हा तिचा चेहरा पडला.

"खरं सांगू? माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "एकदा नाही, शंभरदा. आई माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, कोण आलंय? घरी गेल्यावर रोज हे ऐकायचं. मनात येणारच की हो." तिने नाक पुसलं. "कुठलं टोपण गेलं?"

"निळं."

"निळं?" ती चक्क हसली. "मग मी नाही. मी काय खुळी आहे? चोरायचीच तर पिवळी नसती चोरली?"

"पिवळी का?"

"मावशी, फोटो मीच काढते ना! काचेवरच्या कापाला तांबडा रंग देतात, तो चरबीवर बसतो. काप काढणारे तात्या काचेच्या कोपऱ्यावर टोपणाच्या रंगाचा ठिपका देतात. निळ्या ठिपक्याच्या काचा बघाल तर तांबड्या रंगाने बरबटलेल्या. पिवळ्या ठिपक्याच्या जवळजवळ स्वच्छ. पाकीट न फाडतासुद्धा शेंबड्या पोराला कळेल औषध कुठलं ते. निळी बाटली या खोलीतलं कोणी फुकट दिली तरी घेणार नाही."

मला ते पटेना. कारण मी या डोळ्यांनी उलटं पाहिलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी, याच इमारतीत, मायक्रोस्कोपला डोळा लावून निळ्या टोपणाच्या उंदरांचे काप पाहिले होते. तांबड्याचा एक कण नव्हता त्यांच्यात. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग खोटं कोण बोलत होतं? ही, की माझे डोळे?

३

काप काढणारे तात्या कधीच घाई करत नाहीत. गोठवणाऱ्या यंत्राच्या पात्याखालून उंदराच्या डोळ्याचा काप ब्रशने उचलायचा, काचेवर टेकवायचा, मगच मान वर करायची. मी दारात चुळबुळत उभी होते. घड्याळात अडीच वाजले होते. सकाळचा थेंब कोणाच्या तरी डोळ्यात जाऊन जिरलाही असेल, आणि दुपारचा? दुपारीही घालत असेल तर?

"तात्या, दोन आठवड्यांपूर्वीचे निळ्याचे काप कुठायत?"

त्यांनी पात्यावर झाकण टाकलं. "तुम्हाला कोणी सांगितलं त्यांच्याबद्दल?"

"कोणी नाही. मी पाहिले होते."

तात्या उठले, अगदी खालचा खण ओढला आणि एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. वीस काचा होत्या. कोपऱ्यावर ठिपका नव्हता, नुसते आकडे. एकवीस ते चाळीस.

"हे पाहुणीचे," ते म्हणाले.

पाहुणी म्हणजे समोरच्या हॉस्पिटलातून आलेली बदली कामगार. तात्या गुडघा धरून तीन आठवडे घरी बसले होते तेव्हा ती त्यांच्या जागी होती. आमच्याकडे कायमची नव्हती म्हणून पाहुणी.

"बाई, तिने तुमच्याकडे गोठवायचं द्रावण मागितलं तेव्हा काय दिलंत?"

मला आठवलं. "संपलं होतं. वरून यायला महिना लागणार होता. मी म्हटलं, मेण आहे, स्पिरिट आहे, त्यावर भागतं का बघ. ती म्हणाली, आमच्या हॉस्पिटलात सगळं मेणातच करतात."

"करतात ना. गाठी, जखमा, सगळं. पण मेणात बसवायच्या आधी डोळा स्पिरिटमध्ये बुडवावा लागतो. स्पिरिट काय करतं? चरबी विरघळवून नेतं. मग तांबडा रंग बसणार कशावर? तेलाचा डबा साबणाने घासायचा आणि मग चारचौघांना दाखवायचं, बघा, यात तेल नव्हतंच! तसा प्रकार झाला."

मी खोकं खाली ठेवलं. म्हणजे ते काप स्वच्छ नव्हते. धुतलेले होते. आणि स्पिरिटचा डबा मी स्वतः उचलून दिला होता, वर मदत केल्याच्या थाटात.

"मॅडमना का नाही सांगितलंत?"

"हातावर पोट असलेली बाई आहे ती. उगाच नाव खराब झालं असतं. नशिबाने उंदरालाही डोळे दोन असतात. प्रत्येकाचा दुसरा डोळा जपून ठेवला होता, त्याचे काप मी पुन्हा नीट काढले. हे खोकं खणात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तात्या, ज्याने फक्त हे खोकं पाहिलं असेल, त्याला निळं हेच औषध वाटेल."

"वाटेलच." ते थांबले. आता त्यांच्याही लक्षात आलं. "अरे देवा. चोर हे बघून गेलाय?"

"कोणाकोणाला दाखवलंत?"

"मी? आल्या दिवशीच खणात टाकलं. कॅमेरावालीकडेसुद्धा गेलं नाही. म्हणजे पाहिलं असेल ते पाहुणीनं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि आता तुम्ही म्हणताय, तुम्हीही."

त्यांची नजर मला झोंबली. सव्वीस वर्षांत तात्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

जिन्यात उभी राहून मी घरी फोन लावला. उशीर होईल, मला न्यायला येऊ नका, म्हणून सांगायला. यांचा आवाज भलताच खुशीत होता.

"सावकाश ये गं. मी जरा डोळे मिटून पडलोय. अगदी झकास वाटतंय आज."

एवढ्या गोंधळात घरी तरी कोणी सुखात आहे, या विचाराने मला बरं वाटलं.

४

हॉस्पिटलच्या तपासणी विभागात पाहुणी मेणाच्या ठोकळ्यांवर आकडे घालत होती. मला बघून उठली, हात पुसले, चहा सांगू का विचारलं. मी खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसले.

"शुक्रवारी संध्याकाळी कुठे होतीस?"

"इथेच. दोन ते नऊ पाळी होती. का हो? काय झालं?"

मी सांगितलं. स्पिरिटचंही सांगितलं. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या कागदावर नुसतं लिहिलं होतं, काप काढा आणि तांबडा रंग द्या. चरबीसाठी आहे असं कोणी बोललंच नाही. मावशी, माझी नोकरी जाईल का?"

"तुझी नोकरी राहू दे बाजूला. कोणाचा तरी डोळा जातोय. तू हे कोणाला सांगितलंस? निळी बाटली चांगली म्हणून?"

तिने कपाळाला आठी घातली.

"निळी? मला कुठे माहीत होतं निळी का पिवळी?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे नुसते आकडे होते. एकवीस ते चाळीस. ठिपक्याची पद्धत मला कोणी सांगितलीच नव्हती. मी तुम्हाला म्हटलं, मावशी, या बघा, किती स्वच्छ आलेत. तुम्ही बघितलंत. मग तुम्हीच खाली जाऊन तुमची वही घेऊन आलात, कुठल्या पिंजऱ्याला कुठली बाटली दिली ती. आणि ओरडलात, अगं बाई, एकवीस ते चाळीस म्हणजे निळं टोपण! मला मिठी मारलीत. मी घाबरलेच होते."

खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं होतं.

मी तिथेच बसून बोटांवर हिशेब मांडला. चोराला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक, ते वीस काप स्वच्छ दिसले. दोन, ते काप निळ्या टोपणाचे. पाहुणीला पहिली ठाऊक होती, दुसरी नाही. कॅमेरावालीने ते खोकं पाहिलेलंच नाही. मॅडमनीही नाही. तात्यांना दोन्ही ठाऊक, पण काप धुतलेले आहेत हेही ठाऊक, म्हणजे त्यांनी मेले तरी निळी घेतली नसती. चारही बोटं मिटली.

उरलं कोण? दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली आणि त्या खऱ्या मानणारी या सगळ्या कारभारात एकच व्यक्ती होती. मी.

"मावशी, पाणी देऊ?" पाहुणीने विचारलं.

मी चोरी केली नव्हती. मग मी कोणाला बोलले होते? बाहेर तर कोणालाच नाही. मॅडमनी सकाळी दोनदा विचारलं आणि दोनदा मी छातीठोकपणे नाही म्हणाले. बाहेरचं कोणी आलं नाही. बाहेर कोणाला सांगितलं नाही.

पण नवरा काय बाहेरचा असतो?

त्या रात्री जेवताना मीच यांना म्हणाले होते, "अहो, आशा आहे बरं का. निळ्या टोपणाच्या उंदरांचे डोळे काचेसारखे स्वच्छ झालेत. पाच-सहा वर्षांत माणसांसाठी येईल." यांनी घास तसाच हातात धरला आणि विचारलं, "पाच-सहा वर्षं?" त्यावर मी काहीतरी समजुतीचं बोलले आणि झाकपाक करायला उठले.

आणि शुक्रवारी? शुक्रवारी बाटल्या मोजून झाल्या, मी मागच्या खिडक्या लावायला गेले. दहा मिनिटं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर. हे स्टुलावर. अकरा बाटल्या सारख्या अंतरावर मांडणारा माणूस मला शोधावाच लागणार नव्हता. तो छत्तीस वर्षं माझ्या घरात चमचेसुद्धा तसेच मांडतोय.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. हे उचलेनात.

५

घरापर्यंत रस्ता वीस मिनिटांचा. मी किती वेळात गेले मला माहीत नाही. एका वळणावर चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. डोक्यात एकच चाललं होतं, उजव्यात नको. देवा, उजव्यात घातलेलं नको.

दार नुसतं लोटलेलं होतं. हे पलंगावर उताणे पडले होते, उशी मानेखाली. एका हाताने उजवा डोळा ताणून उघडा धरलेला. दुसऱ्या हातात निळ्या टोपणाची बाटली.

"थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की यांचा हात हलला आणि थेंब गालावर पडला. मी बाटली हिसकावून घेतली. रुमालाने गाल पुसला, पुन्हा पुसला, तांबडा होईपर्यंत पुसला.

"अगं, अगं, काय करतेस? रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं. सांगणारच होतो, गुण आल्यावर."

"किती थेंब घातलेत? खरं सांगा. कुठल्या डोळ्यात किती?"

"ओरडू नकोस. मी काय वेडा आहे? तुम्ही लोक आधी उंदरावर करता आणि मग माणसावर. मी डावा डोळा उंदीर केला. शुक्रवारी रात्री एक, मग रोज दोन, आज सकाळी एक. सहा झाले. आणि गुण आला गं! आज उठलो तर चौकट सरळ. अगदी सरळ नाही, पण कालच्यापेक्षा पुष्कळच. म्हणून आज सकाळपासून उजव्यातही सुरू केलं, तो बिघडायच्या आधीच."

"किती?"

"सकाळी एक. हा दुसरा होता."

मी जमिनीवरच बसले. हे पलंगावरून वाकून माझ्याकडे बघत होते, म्हणजे त्यांच्या पद्धतीने, मान थोडी वळवून, उजव्या डोळ्याने. चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझी जीभ रेटेना. सहा महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"ते औषध नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"उलटं आहे. त्याने डोळा बिघडतो. उंदरांच्या डोळ्यांत रक्त उतरलं."

त्यांनी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण मला सरळ दिसतंय."

"तुम्हाला दिसावंसं वाटतंय म्हणून दिसतंय, अहो."

"मी चुकीची बाटली उचलली का? टोपणाचा रंग मी उजव्या डोळ्याने नीट बघितला होता. निळंच होतं."

मला रडू फुटलं. "तुम्ही बरोबर उचललीत. मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता. सगळ्या जन्मात एक रेघ वाकडी न गेलेला हात. मला त्यांचा राग आला होता, माझा स्वतःचा त्याहून जास्त आला होता, आणि भीती इतकी वाटत होती की रागाला जागाच उरली नव्हती.

मी फोन उचलून मॅडमना लावला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"मॅडम, बाटली सापडली. डावा डोळा, सहा थेंब. उजवा, एक. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना तयार राहायला सांगा, मी घेऊन येतेय."

"कोण आहे?"

"घरचंच माणूस आहे," मी म्हणाले.

६

डॉक्टरांनी तास-दीड तास यांचे दोन्ही डोळे तपासले. मी बाहेर बाकावर. मॅडम शेजारी येऊन बसल्या. त्यांनी वर कळवलं होतं, पण आधी डॉक्टरांना औषधाची सगळी माहिती दिली होती. माझ्या अनवाणी पायाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

"उजव्यात एकच गेलाय, बहुतेक काही होणार नाही," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "डाव्याचं आज सांगता येत नाही. पडदा सुजलेला आहे. बारा दिवस रोज आणा. रक्त दिसलं तर लगेच सुई द्यावी लागेल. पण काय गेलंय, किती गेलंय, कधी गेलंय हे माहीत आहे, त्यामुळे निदान अंधारात चाचपडत नाही आपण."

हे पट्टी बांधून बाहेर आले. मी हात धरला. जिन्याशी थांबून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ती पिवळी?"

"पायऱ्या सांभाळा," मी म्हणाले.

यांना रिक्षात बसवलं, दोन मिनिटं थांबा म्हटलं आणि परत वर गेले. मॅडम अजून त्याच बाकावर होत्या. मी कमरेचा जुडगा सोडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय, बाई?"

"मला स्टोअरमधून काढा. कुठेही टाका, उंदरांचे पिंजरे धुवायला टाका, नाहीतर घरी पाठवा. पण आजपासून किल्ल्या माझ्याकडे नकोत."

"चौकशी होईल, ती होऊ द्या. तुमची चूक झाली, पण चोरी तुम्ही केली नाहीत. सगळं तुम्हीच तर शोधून काढलंत. आता कशाला घाबरता?"

"आता जास्त घाबरते, मॅडम," मी म्हणाले. "काल यांना मदत करावी म्हटलं असतं तर माझ्या हातून निळी गेली असती. आता कुठली न्यायची ते मला बरोबर ठाऊक आहे."